समुद्रावर रेघ कोणी ओढावी?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील एका सागरी उद्यानाचे नाव सांगितले. त्यांना जरा नवल वाटले असावे. कामगार संघटनेत हयात घालवलेला माणूस महागाई भत्त्यावर बोलेल, संपावर बोलेल, फार तर गिरणगावाच्या इतिहासावर बोलेल. हा पोवळ्यांच्या आणि माशांच्या वाटेला कसा गेला, असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, संपांचा इतिहास वाचता वाचता मला एक असा बहिष्कार सापडला, ज्यात कामगारांनी पगाराचा प्रश्न बाजूस ठेवून एका समुद्रासाठी काम नाकारले होते. त्या धाग्याचे टोक धरून मी मागे गेलो आणि पुढेही आलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस क्वीन्सलंड नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याला समांतर, सुमारे २,३०० किलोमीटर लांबीपर्यंत, समुद्रात पोवळ्यांचा एक प्रचंड बांध आहे. त्यास ग्रेट बॅरियर रीफ म्हणतात. बांध म्हटले म्हणजे सलग भिंत डोळ्यांपुढे येते. वास्तविक तो सुमारे २,९०० सुट्या प्रवाळखडकांचा आणि शेकडो बेटांचा समूह आहे. मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असे कोट्यवधी जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात, मरतात, आणि त्या घरांवर पुढची पिढी आपली घरे बांधते. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. पाणी नेहमीपेक्षा तापले की हे भाडेकरू बाहेर पडतात, पोवळे पांढरेफटक होते, आणि उष्मा टिकला तर उपासमारीने मरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे. आज या बांधाभोवतीचे सागरी उद्यान ३,४४,४०० चौरस किलोमीटरचे आहे. आपले सबंध महाराष्ट्र राज्य ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचे. म्हणजे महाराष्ट्र त्यात मावून वर जागा उरेल.

या समुद्रातून कोणी किती घ्यावे, याचा पहिला लेखी नोंदलेला तंटा १७७० सालचा आहे. त्या वर्षी ११ जूनच्या रात्री कॅप्टन कुकचे 'एन्डेव्हर' जहाज या बांधावर आदळले. भगदाड बुजवीत ते एका नदीच्या मुखाशी आणले गेले आणि दुरुस्तीसाठी काही आठवडे तेथेच राहिले. तो मुलूख गूगू यिमिधिर या मूळ रहिवाशांचा. कुकच्या खलाशांनी खडकांवरून डझनभर कासवे पकडून जहाजावर आणली. स्थानिक लोक जहाजावर आले, त्यांनी ती पाहिली आणि त्यांतले एक मागितले. खलाशांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी एक कासव ओढून नेण्याचा प्रयत्न केला, तोही हाणून पाडला गेला. मग त्यांनी किनाऱ्यावर जाऊन छावणीभोवतीचे गवत पेटवले. कुकने बंदूक चालवली, एक माणूस जखमी झाला. पुढे एक वृद्ध गृहस्थ टोक मोडलेला भाला हाती घेऊन आला आणि समेट झाला. शेकडो पिढ्या त्या समुद्रावर जगलेल्या माणसांचे म्हणणे साधे होते. आमच्या समुद्रातून घेता, तर विचारून घ्या आणि वाटा द्या. पुढच्या अडीचशे वर्षांत या पाण्यावरून जे जे तंटे झाले, त्या सर्वांत हेच म्हणणे निरनिराळ्या तोंडांतून पुन्हा ऐकू येते.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी हा समुद्र म्हणजे फुकटचे कोठार समजले गेले. चीनच्या बाजारासाठी समुद्रकाकड्या, गुंड्यांसाठी शिंपले, मोत्यांसाठी कालवे असे सारे उपसले गेले. हेरन नावाच्या चिमुकल्या बेटावर १९२५ च्या सुमारास कासवांचे सूप डब्यांत भरण्याचा कारखाना निघाला. अंडी घालायला वाळूत आलेली मादी उलटी केली की कच्चा माल हाती आला! असा धंदा किती दिवस चालणार? कासवे विरळ झाली आणि काही वर्षांतच कारखाना बुडाला. १९३२ मध्ये त्याच जागेचे प्रवाशांसाठी विश्रामस्थान झाले. ज्या वाळूवर कासव कापले जात होते, त्याच वाळूवर आता ते रात्री अंडी घालताना पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात. जिवंत कासव मेलेल्या कासवापेक्षा अधिक माणसांना पोसू शकते, हा धडा त्या बेटाने फार लवकर दिला होता.

तथापि प्रवासी आले म्हणजे समुद्र वाचला, असे समजण्याचे कारण नाही. केर्न्स शहरासमोरच्या ग्रीन आयलंड बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून लोक सहलीला जात. पुढे तेथे काचेच्या तळाच्या होड्या आल्या, आणि १९५४ मध्ये पाण्याखाली उतरून खिडकीतून मासे पाहण्याची सोय झाली. बेटाला १९३७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही मिळाला. पण कायद्याचा हात वाळू आणि झाडांपर्यंतच पोहोचत होता. भोवतालचे पाणी, त्यातले पोवळे, शिंपले यांचा कोणी वाली नव्हता. आलेला पाहुणा पोवळ्यांवरून बुटांनी चाले, आवडलेला तुकडा तोडून घरी नेई, होडीवाला वाटेल तेथे लोखंडी नांगर टाकी. एका नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरली की वर्षानुवर्षे वाढलेली पोवळी एका दुपारी भुगा होतात. शास्त्रज्ञांनी अभ्यास चालवला होता. १९२२ मध्ये क्वीन्सलंडात ग्रेट बॅरियर रीफ समिती स्थापन झाली आणि १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी लो आयल्स येथे वर्षभर राहून गेली. परंतु ज्ञान वाढले म्हणून संरक्षण वाढले असे झाले नाही. त्यासाठी भांडण व्हावे लागले.

ते भांडण १९६७ साली झाले, आणि त्याचे निमित्त आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना चटकन समजेल असे आहे: ऊस. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर उसाची मोठी शेती आहे, आणि आम्ल झालेल्या जमिनीला चुना लागतो. एका ऊसकरी शेतकऱ्याने एलिसन रीफ नावाच्या प्रवाळखडकातून चुना काढण्याची परवानगी मागितली. त्याचे म्हणणे असे की, हा खडक मेलेला आहे. मेलेल्यातून काढले तर बिघडले कोठे? तेथून जवळच राहणारे जॉन ब्यूस्ट नावाचे चित्रकार होते. त्यांनी इनिसफेल गावी खाण-अधिकाऱ्याच्या न्यायालयात हरकत घेतली. त्यांच्या मदतीला कवयित्री ज्युडिथ राइट आल्या; त्या क्वीन्सलंडच्या वन्यजीव संरक्षण संस्थेच्या अध्यक्षा होत्या. वनशास्त्रज्ञ लेन वेब आले. ब्रिस्बेनहून काही विद्यार्थी पाणबुडे आले आणि त्यांनी स्वतः बुडी मारून त्या 'मेलेल्या' खडकावर कोणकोणते जीव नांदतात त्याची यादी करून आणली. मेलेले पोवळे म्हणजे सबंध वस्तीचा पाया आहे, तो खणला तर जिवंत इमला खाली येईल, हे त्या यादीने सिद्ध झाले. अर्ज फेटाळला गेला. एक चित्रकार, एक कवयित्री आणि एक वनशास्त्रज्ञ यांच्याजवळ ना पैसा होता ना सत्ता. त्यांच्याजवळ पुरावा होता आणि चिकाटी होती.

पण चुन्याच्या मागून तेल आले. १९६७ पासून क्वीन्सलंड सरकारने बांधाच्या बहुतेक भागावर तेल शोधण्याचे परवाने देण्यास सुरुवात केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, आणि जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे समुद्रातली तेलविहीर उसळली. तेलाने माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. तरीही मकाय शहराजवळच्या रिपल्स बे या उपसागरात विहीर खणण्याची तयारी एका ऑस्ट्रेलियन व एका जपानी कंपनीने मिळून चालवली, आणि 'नॅव्हिगेटर' नावाचे खणकाम-जहाज ऑस्ट्रेलियाकडे येऊ लागले. अर्ज झाले, सभा झाल्या, वर्तमानपत्रांत पत्रे झाली. राज्य सरकार ढिम्म हालेना.

येथे माझ्या धाग्याचे टोक येते. सिनेटर जॉर्ज जॉर्जेस आणि इतर कार्यकर्ते कामगार संघटनांकडे गेले. जानेवारी १९७० मध्ये क्वीन्सलंडच्या संघटनांनी त्या खणकामावर 'ब्लॅक बॅन' म्हणजे काळी बंदी जाहीर केली. काळी बंदी म्हणजे काय? त्या कामाला आमच्यातले कोणी हात लावणार नाही. आता समुद्रात उभ्या असलेल्या विहिरीला रोज अन्न लागते, पाणी लागते, इंधन लागते, नळ लागतात, दुरुस्ती लागते. ती सारी बंदरातून जाते, आणि बंदरात माल चढवतो तो कामगार, बोट चालवतो तो खलाशी. त्यांनी हात आखडले तर सरकारी परवाना हा नुसता कागद उरतो. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन कंपनीने खणकाम स्थगित केले. ३ मार्च १९७० रोजी 'ओशॅनिक ग्रँजर' हे तेलवाहू जहाज टॉरेस सामुद्रधुनीत खडकावर आपटले आणि तेल पाण्यावर पसरले. तेव्हा कामगारांची भीती अनाठायी नव्हती हे सर्वांनाच दिसले. सरकारांना चौकशी आयोग नेमावा लागला. सिडनीच्या बांधकाम कामगारांच्या ज्या 'हिरव्या बंदी'चे नाव पुढे जगभर झाले, ती १९७१ नंतरची. समुद्रावरची ही बंदी तिच्या आधीची आहे.

मला यात विशेष वाटते ते हे. विहिरीमुळे काम मिळणार होते, आणि काम हीच संघटनेची भाकरी. आम्हा संघटनेच्या माणसांना 'काम नको' म्हणणे किती जड जाते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. सभेत एकजण उठून हमखास विचारतो, 'तुमचे मासे सुखी होतील, माझ्या पोरांचे काय?' तो प्रश्न खोटा नसतो. त्याला उत्तर देता आले तरच बंदी टिकते. क्वीन्सलंडच्या कामगारांना उत्तर देता आले, कारण समुद्र हे त्यांचेही रोजगाराचे ठिकाण होते, आणि रविवारी गळ घेऊन बसण्याचेही. तेल दहा-वीस वर्षांत संपणारे होते. समुद्र राखला तर संपणारा नव्हता.

जॉन ब्यूस्ट एप्रिल १९७१ मध्ये वारले. आयोगाचा अहवाल १९७४ मध्ये आला, आणि १९७५ मध्ये संघराज्याच्या संसदेने ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान कायदा केला. उद्यानाच्या हद्दीत खाण व तेल यांना बंदी झाली. हद्द मात्र एका दिवसात ठरली नाही. दक्षिणेकडील पहिला विभाग १९७९ मध्ये जाहीर झाला आणि उरलेले बहुतेक १९८३ पर्यंत. मध्यंतरी १९८१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या बांधाचे नाव गेले.

आता या कायद्याचा गाभा काय, ते पाहू. 'उद्यान' म्हटले म्हणजे कुंपण घालून माणसाला बाहेर काढायचे, अशी आपली समजूत असते. येथे ती वाट घेतली गेली नाही. उद्यानाचा फार मोठा भाग मासेमारीला, नौकानयनाला, सहलींना खुला राहिला. पण कोठे काय चालेल, हे रंगांनी वाटून दिले. फिक्या निळ्या पट्ट्यात बहुतेक प्रकारची मासेमारी चालते. गडद निळ्यात तळ खरवडणारे जाळे ओढता येत नाही. पिवळ्यात माणशी एक दोरी आणि एक गळ. हिरव्यात जावे, पोहावे, बुडी मारावी, डोळे भरून पाहावे; पण मासा धरायचा नाही, शिंपला उचलायचा नाही. नारिंगी पट्टा शास्त्रज्ञांसाठी राखलेला. गुलाबी पट्टा अगदी लहान. तेथे लेखी परवानगीवाचून कोणीही जायचे नाही. हे नकाशे मासेमाराच्या होडीत आणि प्रवासी कंपनीच्या कचेरीत सारखेच असतात.

हौस आणि रक्षण यांची खरी गाठ १९८० नंतर पडली. वेगवान दुहेरी तळाच्या बोटी आल्या आणि पूर्वी जेथे पोहोचायला अर्धा दिवस लागे, तेथे शेकडो माणसे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागली. १९८८ मध्ये तर टाउन्सव्हिलपासून दूर समुद्रात जॉन ब्रूअर रीफवर सुमारे दोनशे खोल्यांचे तरंगते हॉटेल आणून नांगरले गेले. वादळे, बोटींची अडचण आणि तोटा यांमुळे ते वर्षभरातच गुंडाळावे लागले. पुढे ते व्हिएतनामला आणि तेथून उत्तर कोरियाला विकले गेले. समुद्राच्या मध्यावर बाजार भरवण्याची हौस समुद्रानेच मोडली, असे म्हणता येईल.

या गर्दीला 'येऊ नका' असे सांगून भागणार नव्हते. तेव्हा ती कोठे बसवायची याचा विचार झाला. साथीच्या आधी दरसाल वीस लाखांच्या आसपास प्रवासी या उद्यानात जात. त्यांतले दहांपैकी आठ केर्न्स आणि व्हिटसंडे या दोनच भागांत जात, आणि हे दोन्ही भाग मिळून उद्यानाचा दहावा हिस्साही भरत नाहीत. तेथे ठरलेल्या जागी तराफे बांधले, कायमचे तरंगते खुंट टाकले, म्हणजे प्रत्येकाने नांगर टाकण्याचे कारण उरले नाही. जेथे पोवळी उथळ आहेत तेथे पांढरे त्रिकोणी बोये ठेवले. त्यांच्या आत नांगर टाकायला मनाई. व्हिटसंडेच्या काही खाड्या मोठ्या सहलींसाठी, काही चाळीसपर्यंतच्या टोळीसाठी, तर काहींत पंधराहून अधिक माणसांना एकत्र नेता येत नाही, अशी वाटणी १९९८ च्या सुमारास झाली. ज्याला गलबला हवा त्याला गलबला मिळावा आणि ज्याला शांतता हवी त्याला शांतता, हा त्यातला हेतू. १९९३ पासून प्रवासी कंपन्यांकडून प्रत्येक पाहुण्यामागे रोजची थोडी रक्कम घेतली जाते आणि ती उद्यानाच्या व्यवस्थेला लागते. पाहणाऱ्याने पाहण्याचे मोल द्यावे, यात मला अन्याय दिसत नाही. फक्त ती पट्टी एवढी वाढू नये की समुद्र श्रीमंतांचाच होईल.

सर्वांत मोठी परीक्षा २००४ मध्ये झाली. तोवर हिरवा पट्टा साऱ्या उद्यानाच्या पाच टक्क्यांहूनही कमी होता, आणि तोही बहुतांशी पोवळ्यांच्या खडकांवर. शास्त्रज्ञ म्हणाले, समुद्र म्हणजे केवळ पोवळे नव्हे; चिखलाचे तळ, समुद्रगवताची कुरणे, खोल दऱ्या, हे सारे एकमेकांवर जगतात. त्यांनी समुद्राचे ७० निरनिराळे प्रदेश पाडले आणि प्रत्येकाचा निदान पाचवा हिस्सा राखावा असे सांगितले. लोकांकडून सूचना मागवल्या तेव्हा दोन फेऱ्यांत मिळून ३१,००० हून अधिक निवेदने आली. गावोगाव सभा झाल्या. काही सभांत उद्यानाच्या अधिकाऱ्यांना धड बोलूही दिले गेले नाही. मसुद्यातल्या अनेक रेघा बदलल्या गेल्या. अखेर १ जुलै २००४ रोजी नवा नकाशा अमलात आला आणि हिरवा पट्टा ३३ टक्क्यांवर गेला.

राग कोणाचा अधिक होता? धंदेवाईक मासेमारांचा होताच. पण हौशी मासेमारांचाही कमी नव्हता. आपल्या बापाने ज्या खडकावर गळ टाकायला शिकवले, तेथे आता मुलाला घेऊन गेलो तर गुन्हेगार ठरणार, ही बोच पैशात मोजता येत नाही. त्यांनी आपला राजकीय पक्षही काढला. धंदेवाल्यांसाठी सरकारने भरपाईची योजना केली. परवाने विकत घेतले, आणि मासे साफ करणारे, बर्फवाले, होडीदुरुस्तीवाले यांनाही मदत दिली. पहिल्या अंदाजाच्या कितीतरी पट, म्हणजे २० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्यात गेली. पुष्कळांनी या खर्चावर टीका केली. मला तीत उधळपट्टी दिसत नाही. ज्या रेघेचा लाभ साऱ्या देशाला, तिचा तोटा एकट्या मासेमाराने का सोसावा? चूक झाली असेल तर ती अशी की, हिशेब आधी मांडून लोकांपुढे ठेवला नाही, मागाहून वाढवत नेला.

फळ काय मिळाले? नव्या हिरव्या पट्ट्यांत दीड-दोन वर्षांतच कोरल ट्राउट नावाच्या खाण्याच्या माशाची संख्या अनेक ठिकाणी तिसऱ्या हिश्शाने आणि काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक वाढली. पण मासेमार विचारणारच, 'बंद पट्ट्यात मासे वाढले, मला काय?' त्याचे उत्तर २०१२ मध्ये केपेल बेटांजवळच्या अभ्यासाने दिले. शास्त्रज्ञांनी माशांच्या पिल्लांचे आईबाप त्यांच्या बीजद्रव्यावरून शोधून काढले. तेथे राखीव खडक २८ टक्केच होते, परंतु भोवतालच्या राखीव आणि खुल्या अशा दोन्ही खडकांवर जी नवी पिल्ले आली, त्यांतली जवळजवळ निम्मी त्या राखीव खडकांतल्या माशांची होती. म्हणजे कुलूप लावलेल्या कणगीतून बियाणे शेजारच्या शेतात उडत होते. आपला शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे खाणार नाही. त्यातलाच हा प्रकार.

आणि ज्यांनी १७७० मध्ये वाटा मागितला होता, त्यांचे काय? त्यांना फार उशिरा विचारले गेले. कासव आणि समुद्रगाय यांची पारंपरिक शिकार किती, कोठे आणि कोणी करावी, हे त्या त्या समाजाने ठरवून उद्यानाशी लेखी करार करण्याची पद्धत २००५ मध्ये गिरिंगन लोकांशी झालेल्या पहिल्या करारापासून सुरू झाली. टोक मोडलेल्या भाल्याला उत्तर मिळायला २३५ वर्षे लागली.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, प्रश्न सुटला. सुटलेला नाही, आणि तुम्हांला खोटा दिलासा देणे हे माझ्या धंद्यात बसत नाही. २०१२ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की, १९८५ ते २०१२ या काळात बांधावरचे जिवंत पोवळ्यांचे आच्छादन २८ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर आले. वादळे आणि पोवळी खाणारा काटेरी तारामासा ही त्याची मोठी कारणे होती. नंतर पाणी तापणे हे मुख्य संकट झाले. १९९८ व २००२ मध्ये पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशी ही संकटे जवळजवळ येऊ लागली. एकट्या २०१६ मध्ये उथळ पाण्यातली जवळजवळ तीस टक्के पोवळी मेली. मधल्या शांत वर्षांत ती झपाट्याने वाढतातही. २०२२ मध्ये उत्तर आणि मध्य भागात मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत जास्त आच्छादन दिसले, आणि २०२४ च्या उष्म्याने त्यातले बरेचसे पुन्हा ओढून नेले. हिरवा पट्टा गळ अडवतो. तापलेले पाणी अडवत नाही. ते पाणी तापवणारा कोळसा क्वीन्सलंडच्याच बंदरांतून जहाजे भरभरून बाहेर जातो, आणि त्या खाणींतही कामगारच आहेत. १९७० मध्ये जो प्रश्न बंदरातल्या कामगारापुढे होता, तो आज खाणीतल्या कामगारापुढे कितीतरी मोठा होऊन उभा आहे. त्याचे उत्तर एका महिन्याच्या बंदीने मिळणार नाही. त्या माणसाला दुसरे काम आणि भरवसा दिल्यावाचून ते मिळणारच नाही, हे मात्र मी छातीला हात लावून सांगतो.

आता घराकडे वळतो. आपल्या कोकणात, १९८७ मध्ये, मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा, ज्यात १६६४ मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतालचे पाणी येते. तेथेही पोवळी आहेत. तेथेही आता बुडी मारून मासे पाहणाऱ्या पाहुण्यांच्या होड्या लागतात, त्यांतून गावातल्या तरुणांना चार पैसे मिळतात. आणि तेथल्या मासेमारांचा या अभयारण्याला आरंभापासून विरोध राहिला आहे. रेघ ओढली गेली, पण ती ज्यांच्या जाळ्यावरून जाते त्यांच्या घरात ती पोहोचली नाही. क्वीन्सलंडचा नकाशा उचलून मालवणवर ठेवावा, असे मी म्हणत नाही. तेथे समुद्र अफाट आणि माणसे थोडी. येथे समुद्राची पट्टी चिमुकली आणि तिच्यावर जगणारी घरे दाट. २९ चौरस किलोमीटरांचा तिसरा हिस्सा बंद करणे आणि ३,४४,४०० चौरस किलोमीटरांचा करणे, या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी नाहीत. पण तेथून उचलण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. नकाशा पक्का होण्याआधी माणसांना विचारावे, आणि विचारल्यावर नकाशा बदलण्याची तयारी ठेवावी. ज्याचे जाळे बंद होईल, त्याची भरपाई पहिल्याच दिवशी कागदावर लिहावी. आणि पाहुण्यांच्या हौसेला मासेमारांच्या पोटाआधी जागा देऊ नये. पाहुण्याला समुद्र दाखवण्याचे काम आणि त्याचा पैसा त्याच किनाऱ्यावर राहील, असे पाहावे.

मालवणच्या वाळूवर मी एकदा रापण ओढताना पाहिली आहे. अर्धवर्तुळात टाकलेल्या त्या लांबलचक जाळ्याच्या दोन दोऱ्या दोन टोळ्या ओढत असतात. म्हातारे असतात, पोरे असतात. एका टोळीने घाई केली तर जाळे वाकडे होते आणि मासा निसटतो. म्हणून दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे पाहत, पाय रोवून, सारख्याच चालीने मागे सरकतात. जाळे वाळूवर आल्यावर मासळीचे वाटे पडतात, आणि दोरीला हात लावलेला एकही माणूस वाट्यावाचून घरी जात नाही. समुद्राचा कायदा करायला बसणाऱ्यांनी आधी एक सकाळ त्या वाळूवर काढावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.